चिमटीतली रेघ : रांगोळीची मांडणी आणि साहित्य

रांगोळीविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा बहुधा दोनच गोष्टी लिहिल्या जातात. एक म्हणजे तिचे मांगल्य आणि दुसरी म्हणजे तिचे सौंदर्य. रांगोळी शुभ असते, ती दारात असली की लक्ष्मी येते, ती आपली प्राचीन परंपरा आहे, एवढे सांगून झाले की लेख संपतो. पण ती कशाने काढत होते? तांदळाच्या पिठाने काढलेली रेघ आणि दगडाच्या पुडीने काढलेली रेघ सारखीच येते का? ठिपके आधी की नक्षी आधी? हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. मला मात्र रांगोळीचा खरा इतिहास याच प्रश्नांत दडलेला दिसतो.

हे प्रश्न आज विचारण्याला कारण आहे. आपल्या गोव्यात सारवलेले अंगण आता शोधावे लागते. त्याच्या जागी आधी सिमेंटचा कोबा आला, मग फरशी आली, आणि त्या फरशीवर वर्षभर टिकणारी चिकटवण्याची छापील रांगोळी आली. त्यावरून घरोघरी वाद होतात. आजी म्हणते, ही रांगोळीच नव्हे. सून म्हणते, वेळ कुठे आहे? दोघींचेही खरे आहे. पण "परंपरा बुडाली" असे म्हणायचे तर मुळात परंपरा कोणती होती हे बघायला हवे. आणि ते बघायला गेलो की लक्षात येते, रांगोळीचे साहित्य आणि तिची मांडणी कधीच एका जागी थांबलेली नव्हती.

ग्रंथांतली धूळ

वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. तीत तांदूळ आणि फुले यांच्या रचना करण्याची एक स्वतंत्र कला सांगितली आहे. यशोधराची 'जयमंगला' ही टीका हे काम रंगवलेल्या अखंड तांदळांचे असल्याचे स्पष्ट करते. म्हणजे येथे पीठ नाही, पूड नाही, अख्खा दाणा आहे. दाण्याने बारीक रेघ येत नाही, त्याने जागा भरली जाते. तेव्हा ही रेघेची कला नसून भरणीची कला होती असे म्हणायला हरकत नाही.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा आपल्या जवळचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाचे राज्यशासन, स्वयंपाक, खेळ, गायन, चित्रकला असे सगळे विषय त्यात आहेत. चित्रांचे प्रकार सांगताना त्याने 'धूलिचित्र' असा एक प्रकार वेगळा काढला आहे. कोरड्या भुकटीने काढलेले चित्र ते धूलिचित्र. गोमंतकीय वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. गोव्याचा कदंब राजा जयकेशी दुसरा हा विक्रमादित्य सहावा याचा जावई होता आणि सोमेश्वर हा त्याच विक्रमादित्याचा मुलगा. म्हणजे ज्या दरबारात धूलिचित्राला चित्रप्रकार म्हणून मान मिळाला, त्या दरबाराशी आपल्या कदंबांची सोयरीक होती. पुढे सोळाव्या शतकात केरळातील श्रीकुमाराच्या 'शिल्परत्न' या ग्रंथातही धूलिचित्र येते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. 'धूलिचित्र' हे नाव आकृतीवरून पडलेले नाही, विषयावरूनही नाही. ते साहित्यावरून पडले आहे. जुन्या लोकांनी या कलेची ओळख तिच्या धुळीवरून ठरवली होती.

चिमटीत काय होते?

ही धूळ मात्र जागोजागी वेगळी होती. जिथे जे मिळेल ते वापरायचे, हा साधा नियम.

तमिळ प्रदेशात कोलम तांदळाच्या पिठाचा. मुंग्यांना आणि पाखरांना त्यात घास मिळतो अशी त्यामागची भावना. सणासुदीला तेच पीठ पाण्यात कालवून ओल्या पिठाचा 'माकोलम' घालतात. तो बोटावरून ओघळवावा लागतो, वाळला की घट्ट बसतो आणि कोरड्यापेक्षा जास्त टिकतो. देशावर शिरगोळ्याची पूड. शिरगोळा हा मऊसर पांढरा दगड. तो कुटून, चाळून जी पूड होते ती जड असते आणि चिमटीतून सरसर सुटते. कोकणपट्टीत भाताची फोलपटे जाळून त्यांची राख वापरत. या राखेची गंमत अशी की फोलपटे अर्धवट जळली तर ती काळी होते आणि पूर्ण जळली तर पांढरी. भाताच्या टरफलात वाळूतलेच सिलिका भरपूर असते, ते मागे उरते म्हणून हा पांढरेपणा. एकाच टोपलीतल्या फोलपटांतून काळा आणि पांढरा असे दोन्ही रंग काढता येतात.

केरळातील कळमेळुत्तू या विधिचित्रांत हीच युक्ती पुरेपूर वापरलेली दिसते. तेथे पाच रंग असतात. पांढरा तांदळाच्या पिठाचा, पिवळा हळदीचा, काळा जळलेल्या तुसांचा, हिरवा पाने वाळवून केलेल्या पुडीचा, आणि तांबडा हळद व चुना यांच्या मिश्रणाचा. हळदीत चुना घातला की तांबडा रंग येतो हे आपल्याला नवे नाही. आपले कुंकू त्याच न्यायाने होते. देवतेची भली मोठी आकृती तासन्‌तास खपून काढायची आणि विधीच्या शेवटी ती पुसून टाकायची, असा तिथला रिवाज आहे.

साहित्य बदलले की हातही बदलतो. पीठ हलके आणि थोडे चिकट, दमट हवेत त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून पिठाची रेघ आखूड फेकींनी घालावी लागते. शिरगोळ्याची पूड जड, म्हणून अंगठा आणि तर्जनी यांच्या फटीतून ती लांबलचक, अखंड सोडता येते. राख वाऱ्याने उडते, तेव्हा हात जमिनीच्या अगदी जवळ ठेवावा लागतो. आणि जमीन? शेणाने सारवलेली जमीन गडद असते, किंचित खरखरीत असते. पांढरी रेघ तिच्यावर उठून दिसते आणि भुकटी जागेवर बसते. गुळगुळीत फरशीवर हीच भुकटी पंख्याच्या वाऱ्याने पसरते. फरशीवर रांगोळी "टिकत नाही" अशी तक्रार आपण करतो, त्यात दोष रांगोळीचा नाही. सारवण हे रांगोळीचे निम्मे साहित्य होते, ते गेले.

गोव्यात तर पावसाचे चार महिने अंगण उपलब्धच नसते. पाऊस सरला की अंगण पुन्हा चोपायचे, सारवायचे, मग दिवाळी आणि त्यामागून तुळशीचे लग्न. पावसाळ्यात रांगोळी देवघरापुढे सरकते. चातुर्मासात ३३ गोपद्मे काढण्याचे व्रत घराच्या आतच पार पडते, त्याला कारण शास्त्राइतकेच आभाळही असावे.

ठिपका : मोजून बांधलेली मांडणी

आता मांडणीकडे येऊ. आपल्याकडे रांगोळीची ओळख ठिपक्यांच्या संख्येने सांगतात. "१३ ते ७, मध्ये ठिपका" असे एका बाईने दुसरीला सांगितले की तिला सारा सांगाडा कळतो. सर्वांत लांब ओळ १३ ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत ७ पर्यंत यायचे, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध टाकायचा. हे ठिपके मोजले तर १२७ भरतात आणि प्रत्येक बाजूला ७ ठिपके असलेला समान षट्कोन उभा राहतो. कंपास नाही, पट्टी नाही, कोनमापक नाही. ज्या बाईला षट्कोन हा शब्द माहीत नव्हता, तिने तो रोज सकाळी अचूक काढला आहे.

ठिपक्यांचे पुढे दोन मार्ग होतात. एकात रेघ ठिपक्यांना जोडत जाते, यातून आपली चांदणी, कमळ, पणती, कासव निघतात. दुसऱ्यात रेघ ठिपक्यांना स्पर्श न करता त्यांच्याभोवती वळसे घेत जाते. हा मार्ग तमिळनाडूत 'सिक्कू कोलम' म्हणून भरभराटीला आला, पण कर्नाटकात आणि आपल्या बाजूलाही तो परका नाही. नियम तीनच. रेघ कुठेही तुटायची नाही, निघाली तिथे परत आली पाहिजे, आणि एकही ठिपका मोकळा राहता कामा नये.

या वळशांमागे काटेकोर गणित आहे. चौकोनी मांडणीत आडवे ३ आणि उभे ४ ठिपके घेतले आणि साधी तिरकी वीण घातली, तर सगळी नक्षी एकाच रेघेत पूर्ण होते. आडवे ४ आणि उभे ४ घेतले तर मात्र ४ वेगवेगळ्या बंद रेघा लागतात. दोन संख्यांचा जो महत्तम साधारण विभाजक, तितक्या रेघा. शाळेत आपण मसावि काढायला शिकलो, तो हाच. मग ४ बाय ४ ची रांगोळी एका रेघेत काढायची असेल तर? जिथे दोन निराळ्या रेघा एकमेकींना छेदतात, तिथे छेद न देता त्यांना वळवून एकमेकींत मिसळायचे. असे प्रत्येक वळवणे दोन रेघांची एक रेघ करते, तेव्हा चारांची एक करायला ३ ठिकाणी बदल पुरतो. हा बदल कोणत्या ३ जागी करायचा, ते काढणारीने ठरवायचे. नक्षीत नवेपणा येतो तो येथून. रांगोळीतला प्रयोग म्हणतात तो हाच, आणि तो कागदावर नव्हे तर उकिडवे बसून, जमिनीवर, पुढची रेघ कुठे जाईल याचा मनात अंदाज घेत केला जात होता.

विद्वानांचे लक्ष याकडे उशिरा गेले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी यांनी राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली कोलमवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. संगणकाच्या भाषांना जसे व्याकरण असते तसे व्याकरण कोलमच्या रचनांना लावता येते, हा त्याचा विषय. संगणकाने चित्रे कशी काढावी हे जग शिकत होते त्या दिवसांत त्यासाठी उदाहरण सापडले ते तांबरमच्या उंबरठ्यांवर. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळ्यांचाही असा अभ्यास व्हायला हवा.

या मांडणीच्या अगदी उलट टोकाला आपले चैत्रांगण आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ते काढायचे. त्यात मखरातल्या वा झोपाळ्यावरच्या गौरी, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, नाग, कासव, हत्ती, गोपद्मे, फणी, करंडा असे सारे येते. येथे ठिपके मोजायचे नसतात, वीण नसते. चैत्रांगण म्हणजे घराने जपलेली एक यादीच आहे. पहिल्या प्रकारात मन मोजण्यात गुंतते, दुसऱ्यात आठवण्यात. हल्ली "चित्त एकाग्र करणारी नक्षी" म्हणून जे शिकवले जाते, ते या दोन्हींत आधीपासून होते. फक्त त्याला कोणी ध्यान म्हणत नव्हते. सकाळचे काम म्हणत होते.

जमिनीवरून भिंतीवर : कावी

गोमंतकात नक्षीच्या या वेडाने आणखी एक वाट काढली, ती भिंतीवर. आपल्याकडे वृंदावनाला काव लावायची आणि त्यावर पांढऱ्या रेघा ओढायच्या ही रीत घरोघरची. काव म्हणजे आपल्या जांभ्या मातीतून मिळणारा तांबडा रंग. या तांबड्या-पांढऱ्या जोडीतूनच कावी ही भित्तिकला उभी राहिलेली दिसते.

तिची कृती अशी. समुद्रातल्या शिंपल्या भाजून चुना करायचा. त्यात धुतलेली वाळू आणि गूळ घालून मिश्रण आंबवत ठेवायचे आणि मग कुटून एकजीव करायचे. त्याचा गिलावा भिंतीला द्यायचा. त्यावर कावेचा पातळ तांबडा थर चढवून घोटायचा. आणि गिलावा ओला आहे तोवरच लोखंडी सळईसारख्या टोकदार हत्याराने तांबडा थर खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वर्तुळे, कमळे, वेली यांसाठी कंपास आणि साचे वापरत, देवदेवतांच्या आकृती हाताने. शेवटी पुन्हा घोटून काही दिवस ओल राखायची, की चुना दगडासारखा होतो.

रांगोळीशी ताडून बघा. रांगोळीत गडद जमिनीवर पांढरे टाकायचे, कावीत तांबडे काढून पांढरे उघडायचे. रांगोळी संध्याकाळपर्यंत जाते, कावी शंभर-दोनशे वर्षे राहते. रांगोळीत चूक पुसता येते, कावीत येत नाही. पण समतोल तोच, पाकळ्यांची गणती तीच. साहित्य उलटेपालटे करून तीच मांडणी पुन्हा साधण्याचा हा केवढा मोठा प्रयोग!

पेडणे तालुक्यात या कलेच्या खुणा राहिल्या. मोरजीच्या मोरजाई मंदिराचे नाव यासाठी घेतले जाते. पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. नव्या काबिजादीतील देवळांना सोळाव्या शतकातला विध्वंस भोगावा लागला नाही, म्हणून त्यांच्या भिंती उरल्या. पुढे खाली कारवार, अंकोला, कुमठा या पट्ट्यातही कावी होती. डॉ. कृष्णानंद कामत यांनी तिची छायाचित्रे काढून, लेख लिहून तिच्याकडे लक्ष वेधले, म्हणून आज आपण तिच्याविषयी एवढे तरी बोलू शकतो.

पण पोर्तुगीजांच्या हातून जे वाचले ते आपल्याच हातून गेले. गेल्या काही दशकांत जीर्णोद्धाराच्या उत्साहात कावीच्या भिंती पाडल्या गेल्या, त्यांवर ऑइलपेंट चढला, गुळगुळीत फरश्या बसल्या. कोणी वाईट हेतूने केले नाही. देवळाला चांगले दिवस आले म्हणून केले. भिंतीवर आहे ते "जुने झालेले रंगकाम" असे वाटले, एवढेच. भिंत एकदा गेली की ती सारवून परत मिळत नाही.

विसाव्या शतकातले प्रयोग

रांगोळी मात्र प्रयोग करतच राहिली. शिरगोळ्याच्या पुडीत रंग मिसळून मिळू लागले. पत्र्याचे भोकाभोकांचे ठसे आणि फिरत्या नळ्या जत्रेतल्या फेरीतून घरी आल्या. ठिपके सरळ रेषेत पडावेत म्हणून उदबत्तीने वर्तमानपत्राच्या कागदाला भोके पाडून घरगुती साचा करण्याची युक्ती तर कोणाची म्हणून सांगता येणार नाही, इतकी ती सर्वांची आहे. प्रदर्शनांतून व्यक्तिचित्रांची रांगोळी आली. लेक कलर रांगोळीत घोटून त्वचेच्या छटा साधायच्या हे तिचे तंत्र, आणि गुणवंत मांजरेकरांसारख्या रांगोळीकारांनी ते लोकांपर्यंत नेले. पाण्यावर कोळशाची बारीक पूड भुरभुरून तिच्यावर तरंगती रांगोळी, तेल लावलेल्या ताटात काढून वरून अलगद पाणी सोडलेली पाण्याखालची रांगोळी, हेही प्रकार झाले. १९८१ साली संस्कार भारतीची स्थापना झाली आणि तिच्या नावाने ओळखली जाणारी रांगोळी पसरली. आधी रंगांची मोठी वर्तुळे, त्यांवर पाची बोटांतून एकदम सुटणाऱ्या जाड पांढऱ्या रेघा. ठिपके गेले, मिरवणुकीच्या रस्त्याला पुरेल असा आकार आला.

सातासमुद्रापलीकडेही असेच काही घडले. अमेरिकेत रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दांपत्याने या शतकाच्या पहिल्या दशकात 'झेनटँगल' या नावाने नक्षी काढण्याची पद्धत रूढ केली. साडेतीन इंची चौकोनी कागद, काळे पेन आणि खोडरबर नाही. आणि २०२१ च्या जानेवारीत, अमेरिकेच्या उपाध्यक्षपदी कमला हॅरिस येण्याच्या निमित्ताने, घरोघरी पुठ्ठ्याच्या चौकोनांवर काढलेले कोलम जोडून तिकडे एक भव्य कोलम मांडला गेला. करोनाच्या काळात एकत्र बसणे शक्य नव्हते, म्हणून नक्षीच तुकड्यातुकड्यांनी एकत्र आली.

मग चिकटवायच्या रांगोळीचे काय?

एवढा प्रवास पाहिल्यावर सुरुवातीच्या वादाकडे वळू. प्लास्टिक आले म्हणून परंपरा बुडाली, असे म्हणता येत नाही. तांदूळ, पीठ, राख, दगड, चुना, काव, रंग, पुठ्ठा, सगळे चालले. ठशालाही कोणी बाहेर काढले नाही, कारण ठसा घेऊन बसणारीही रोज नवी जागा, नवा रंग, नवी जोडणी करत होती. छापील चिकट रांगोळीत नेमके तेवढेच नाही. ती पुसली जात नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी काही ठरवावे लागत नाही. १३ ते ७ की १५ ते ८, हा प्रश्न त्या घरात उद्या पडणार नाही, आणि जो प्रश्न पडत नाही तो मुलीला शिकवताही येत नाही. आजीची हळहळ साहित्याबद्दल आहे असे सुनेला वाटते. मला वाटते ती या शिकवण्याबद्दल आहे. आणि सुनेची वेळेची अडचण खरी असेल तर पाच ठिपक्यांची रांगोळीही रांगोळीच असते, ती दोन मिनिटांत होते. रोज तेरा ठिपके कोणी मागितलेले नाहीत.

जाता जाता दोन कामे सुचवतो. बहुतेक जुन्या घरांत रांगोळ्यांची एखादी वही असते, चौकटीच्या कागदांची, हळदीचे डाग पडलेली. ती रद्दीत जाण्याआधी तिची छायाचित्रे काढून ठेवा. प्रत्येक रांगोळीशेजारी ठिपक्यांची संख्या, गावाचे नाव आणि ती कशाने काढत असत ते लिहा, कारण पुढे नक्षी मिळेल पण ही माहिती मिळणार नाही. आणि तुमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघणार असेल, तर बैठकीत उभे राहून एवढेच विचारा की रंगाच्या थराखाली तांबडे-पांढरे काही आहे का, ते कोणी खरवडून पाहिले आहे काय. रंगारी यायच्या आधीच्या बैठकीत विचारा, नंतरच्या नव्हे.